‘तोवर’ म्हणून घेतलेली गोळी: मायग्रेनच्या उपचारात पडलेल्या खंडाबद्दल

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला तो जसा समजला तसा मांडते. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवता, वय ३८. क्रॉनिक मायग्रेनसाठी पुण्यात तुमची बोटॉक्सची दोन सत्रं झाली होती, सोबत रात्री टोपिरामेट, म्हणजे मायग्रेन उठू नये म्हणून रोज घ्यायची गोळी, चालू होती. महिन्याला वीस दिवस दुखणारं डोकं आठ-नऊ दिवसांवर आलं होतं. तिसरं सत्र एप्रिल २०२० मध्ये होतं. लॉकडाऊन लागला, तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. मे महिन्यात टोपिरामेट संपली आणि गावच्या मेडिकलमध्ये ती मिळेना. सगळं सुरू झाल्यावरही तुम्ही परत गेला नाहीत. आज पुन्हा महिन्याचे २०-२२ दिवस डोकं दुखतं. तुम्ही विचारताय की त्या खंडाने मेंदूचं कायमचं नुकसान झालं का, आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का, आणि असा प्रसंग पुन्हा आला तर काय करायचं.

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. कोल्हापुरात बावीस वर्षं रुग्ण बघते आणि त्यातले निम्मे तरी डोकेदुखीचे असतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल: नाही, इतका काळ औषध बंद राहिल्याने मेंदूचं कायमचं नुकसान झालेलं नाही. उपचार पुन्हा लागू पडण्याची शक्यताही चांगली आहे. पण तुमच्या मजकुरातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही लिहिलंय, “मेडिकलवाल्या काकांनी तोवर म्हणून एक गोळी दिली, ती चांगली लागू पडली, अजून तीच घेते.” माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे.

आधी बोटॉक्सचं बघू, कारण तुमची सगळी हळहळ त्या हुकलेल्या सत्राभोवती आहे. क्रॉनिक म्हणजे जुनाट असा अर्थ लोक घेतात. आमच्याकडे तो दिवसांच्या हिशेबाने ठरतो. सलग तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, आणि त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनसारखे असतात, तेव्हा त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणायचं. त्यासाठी बोटॉक्सला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी अगदी बारीक सुईने प्रत्येकी ५ युनिट, एकूण १५५ युनिट, आणि दर १२ आठवड्यांनी पुन्हा. हे औषध वेदनेचे निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना काही काळ गप्प बसवतं. ती टोकं हळूहळू पूर्ववत होतात, म्हणूनच १२ आठवड्यांची मुदत. दहाव्या-अकराव्या आठवड्यात माझे रुग्ण सांगतात, “मॅडम, इंजेक्शन उतरायला लागलंय.” सत्र हुकलं की ते पूर्ण उतरतं आणि आजार होता तिथे येतो. होता त्याहून वाईट व्हावं, असं त्या इंजेक्शनच्या नसण्यात काही नाही.

तरीही २०२० च्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे परतलेले कितीतरी रुग्ण आधीपेक्षा वाईट अवस्थेत होते. त्याचं कारण मला एका कॅलेंडरने दाखवलं.

कागलकडच्या एक बाई त्या ऑक्टोबरमध्ये आल्या, तेव्हा पिशवीत भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून आणलं होतं. त्यावर दुधाचा हिशेब होता, गॅस कधी लावला ते होतं, आणि मी पूर्वी सांगितलं होतं म्हणून डोकेदुखीच्या दिवसाला गोल आणि गोळी घेतली की ठिपका. मार्चच्या पानावर सहा ठिपके. एप्रिलमध्ये नऊ, मेमध्ये चौदा, जूनमध्ये एकोणीस. जुलैच्या पानावर ठिपका नाही असे चौकोन मला शोधावे लागले. मार्चमध्ये गोल होते तिथेच ठिपके होते. जुलैत गोल नसलेल्या दिवशीही ठिपके होते. विचारलं तर म्हणाल्या, “गोळी नाही घेतली की उठतंय, म्हणून उठायच्या आधीच घेते. सकाळी चहाबरोबर.”

ती गोळी बहुधा तुम्हाला दिली तीच असणार: अर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन एकत्र असलेली. आपल्याकडे अर्धशिशीची गोळी म्हटलं की मेडिकलवाला हीच पुढे करतो. महिन्यातून दोन-तीनदा घेतली तर ती काम करते. पण अर्गोटामिन, ट्रिप्टान (उठलेलं मायग्रेन थांबवणाऱ्या खास गोळ्या) आणि अशा मिश्रणाच्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, किंवा साध्या वेदनाशामक गोळ्या १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. याला औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. मायग्रेन असलेल्या माणसाला ती विशेष जडते. कंबरदुखीसाठी तीच वेदनाशामक रोज घेणाऱ्याला, मायग्रेन नसेल तर, सहसा असं होत नाही. त्यामुळे कुणी म्हणेल, “मी तर रोज घेतो, मला काही होत नाही.” त्याचं खरं असेल, तुमचं वेगळं आहे.

यात माझाही वाटा होता, तो सांगायलाच हवा. २५ मार्चला लॉकडाऊन सुरू झाला तो २१ दिवसांचा, म्हणून मीही २१ दिवसांचाच विचार केला. त्या आठवड्यांत फोनवर मी किती जणांना सांगितलं असेल, “ओपीडी सुरू होईल, तोवर दुखलं की गोळी घ्या.” आठवड्यातून किती दिवस, हे सांगितलं नाही. ‘तोवर’ला शेवटची तारीख नव्हती, आणि लोकांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. मेच्या मध्यापासून मी प्रत्येक फोनवर मर्यादा सांगायला लागले: आठवड्यात दोन दिवस, फार तर क्वचित तिसरा, आणि त्याहून लागली तर गोळी वाढवू नका, मला फोन करा. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

इथवरचं थोडक्यात: बोटॉक्स हुकल्याने आजार मूळ जागी आला, टोपिरामेट बंद झाल्याने दुसरा आधारही गेला, आणि मधली जागा ज्या गोळीने भरली तिने त्यावर आणखी एक डोकेदुखी चढवली. यातली तिसरी गोष्ट सोडवल्याशिवाय पहिल्या दोन पुरेशा लागू पडतील याचा भरवसा मी देणार नाही. अतिवापर चालू असताना बोटॉक्स किंवा टोपिरामेट उपयोगी पडतच नाहीत असं नाही, काहींना पडतात. पण माझ्या अनुभवात दोन्ही एकदम हातात घेतलं की गाडी लवकर रुळावर येते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते. उपचारात खंड पडला म्हणजे नेमकं कोणतं औषध थांबलं, यावर पुष्कळ ठरतं. त्या दिवसांत फोन आला की माझं पहिलं वाक्य असायचं, “सगळ्या स्ट्रिप्स हातात घ्या आणि मागचं नाव वाचा.” घरात हाका सुरू व्हायच्या, मुलगा यायचा, चष्मा शोधला जायचा, एकेक अक्षर लावून नाव वाचलं जायचं. त्या दोन मिनिटांवर पुढचा सगळा निर्णय ठरायचा.

प्रोप्रानोलोल अचानक थांबलं तर सगळ्यात आधी धावपळ करायची. हे छातीची धडधड आणि रक्तदाब आवरणारं औषध, मायग्रेनसाठीही देतात. एकदम बंद केल्यास ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात, हृदयविकार असलेल्याला ते धोक्याचं. जवळ चार दिवसांच्या गोळ्या उरल्या असतील, तर मी त्या एकदम संपवू देत नसे, अर्ध्या करून दिवस वाढवायला सांगायची आणि तोपर्यंत तालुक्याच्या डॉक्टरांकरवी सोय करायची. अमिट्रिप्टिलिन हे मायग्रेन टाळण्यासाठी रात्री देतात ते औषध, ते अचानक सुटलं की झोप उडते, मळमळतं, चिडचिड होते, आणि माणसाला वाटतं मायग्रेनच वाढलं. फ्लुनारिझिन हेही मायग्रेन टाळण्यासाठीचंच औषध, पण ते शरीरातून फार सावकाश निघतं, त्यामुळे आठवडा-दोन आठवडे चुकले तरी लगेच फरक जाणवत नाही. अशा रुग्णांना मी निर्धास्त करू शकायची.

तुमची टोपिरामेट. तीही हळूहळू कमी करायची असते. ती फिट्सवरही देतात, पण तुम्हाला फिट्सचा त्रास नव्हता, त्यामुळे एकदम बंद होऊन मोठा अपाय झालेला नाही. आता मात्र एक चूक करू नका. कपाटात जुनी चिठ्ठी असेल, त्यावर शेवटचा डोस लिहिलेला असेल, तो वाचून तिथूनच सुरुवात करू नका. ती पुन्हा सुरू करायची तर २५ मिलिग्रॅमपासून, आणि साधारण दर आठवड्याला २५ ने वाढवत. एकदम वर उडी मारली की बोटांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, वर्गात फळ्यासमोर उभं असताना मुलांची नावं सुचत नाहीत, आणि शिक्षक लोक याच कारणाने ही गोळी सोडतात. पाणी भरपूर प्या, कारण ती मूतखड्याला वाव देते. गर्भधारणेचा विचार असेल तर टोपिरामेट नको आणि मायग्रेनवर देतात ते व्हॅल्प्रोएट तर मुळीच नको, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

महामारीचे म्हणून काही वेगळे गुंते होते. मार्च २०२० च्या मध्यावर आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीने कोविड बळावतो अशी बातमी फ्रान्समधून पसरली. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ती टाळा अशी शिफारस आम्ही करत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पहिली बातमी पोचली, दुसरी पोचली नाही. लोकांनी घरातली आयबुप्रोफेन आणि त्याच जातीची नेप्रोक्सेन फेकून दिली, आणि मेडिकलमधून अर्गोटामिनचं मिश्रण आणलं. मायग्रेनसाठी आणि रक्तदाबासाठी कॅन्डेसार्टन घेणाऱ्यांनीही अशाच भीतीने ते बंद केलं.

त्यापेक्षा मला काळजी वाटायची ती औषधांच्या जोडीची. अर्गोटामिन घेणाऱ्या माणसाला रिटोनाव्हिर असलेलं विषाणूविरोधी औषध, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक दिलं, तर यकृतात अर्गोटामिनचा निचरा अडतो, रक्तात ते साठत जातं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बोटं गार, निळसर पडतात, दुखतात, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बोट गमवायची वेळ येते. कोविडच्या सुरुवातीला रिटोनाव्हिरची जोडगोळी बऱ्याच ठिकाणी वापरून पाहिली गेली, पुढे आलेल्या कोविडवरच्या गोळ्यांतही ते आहे. ताप म्हणून भरती झालेला माणूस “कुठलं औषध चालू आहे?” या प्रश्नाला “काही नाही, डोकं दुखलं की एक गोळी घेतो” असं सांगतो. त्या एका गोळीचं नाव सांगणं फार महत्त्वाचं आहे. हे आजही तितकंच लागू आहे, साध्या खोकल्यासाठी प्रतिजैविक लिहून देतात तेव्हाही.

सगळ्यांचं बिघडलंच असंही नाही. रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास थांबला, जेवणाच्या वेळा सुधारल्या, दुपारी पडता आलं, अशा काहींचं डोकं त्या काळात कमी दुखलं. शिक्षकांचं उलट झालं. सकाळी आठपासून मोबाइलच्या चौकटीत चाळीस मुलं, रेंज जाते-येते, घरात स्वयंपाक आणि सगळे घरी. तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन वर्ग संपेपर्यंत दुखणं दाबून धरायला गोळी घ्यायचात. यात दोष तुमचा नव्हता. “नुसतं डोकं तर दुखतंय, बाहेर माणसं मरताहेत” हे तुम्हाला घरून ऐकावं लागलं, आणि तेच तुम्ही स्वतःलाही सांगितलंत. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईने मला हे वाक्य ऐकवलंय. म्हणूनच सगळं उघडल्यावरही त्या आल्या नाहीत. अपंगत्वाचं माप लावलं तर मायग्रेन जगातल्या वरच्या आजारांत बसतो, तरुण स्त्रियांमध्ये तर अगदी वरच. मदत मागायला तुम्हाला आणखी कारण नको.

आता तुम्ही नेमकं काय करावं असं मला वाटतं. तपासल्याशिवाय मी औषध लिहून देऊ शकत नाही, पण डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं आणि काय अपेक्षा ठेवायची ते सांगते.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त नोंद करा. डोकेदुखीचा दिवस, गोळीचा दिवस, कुठली गोळी, पाळीची तारीख. काही बदलू नका, फक्त लिहा. मग रक्तदाब तपासून घ्या आणि न्यूरोलॉजिस्टला भेटा. पुण्यालाच जायला हवं असं नाही. सातारा, कराडलाही बघणारे आहेत, आणि बोटॉक्ससाठी पुण्याला जायचं ठरलं तरी बाकीचं जवळच्या डॉक्टरकडे होऊ शकतं.

ती मिश्रणाची गोळी थांबवावी लागेल. कागलच्या बाईंची मी एका ठरलेल्या दिवशी पूर्ण बंद केली. पोट आणि मूत्रपिंडं ठीक होती, म्हणून त्या जागी दहा दिवस नेप्रोक्सेन, घड्याळाच्या वेळेला, दुखो वा न दुखो. सोबत पोटासाठी एक गोळी, मळमळ झाली तर एक, आणि रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. चहा सोडू नका असं बजावलं होतं, कारण गोळीतलं कॅफिन आधीच जाणार होतं आणि दोन्ही एकदम गेलं तर हाल दुप्पट. पहिले सहा दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला, “मॅडम, देऊ का एक?” मी नाही म्हटलं, आणि रोज संध्याकाळी फोन करा असं सांगितलं. आठव्या दिवशी त्या स्वतः बोलल्या. दिवाळीपर्यंत कॅलेंडरवर महिन्याला दहाच गोल उरले होते. प्रत्येकाचं इतकं सरळ होत नाही. काहींना डोक्याच्या मागच्या मज्जातंतूपाशी बधिर करणारं इंजेक्शन द्यावं लागतं, त्याने काही आठवडे निभावतात. कुणी ट्रॅमाडोल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही.

बोटॉक्स पहिल्यापासून सुरू करायचं का? सत्रं मोजायची तर हो, पुन्हा दोन-तीन घेतल्याशिवाय निकाल लावू नये. पण तुमची अवस्था पहिल्यासारखी कोरी नाही. दोन सत्रांत वीसवरून आठ-नऊ दिवसांवर आलं होतं, म्हणजे तुमचं शरीर या औषधाला दाद देतं, हे आम्हाला ठाऊक आहे. नव्या रुग्णाच्या बाबतीत ते ठाऊक नसतं. खर्च परवडत नसेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. गोळ्यांनीही पुष्कळांचं भागतं.

एक गोष्ट मात्र वाट न बघण्याची. आयुष्यात कधी नव्हतं इतकं जोरात, क्षणात उठलेलं डोकं, तापासोबत मान आखडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर जाणं, किंवा नेहमीपेक्षा अगदी वेगळ्या जातीचं दुखणं यांपैकी काहीही झालं तर मायग्रेन समजून पडून राहू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा. २०२० मध्ये काही लोक कोविडच्या धास्तीने अशा वेळीही घरीच राहिले.

आणि असा खंड पुन्हा पडला तर? तो महामारीच आणेल असं नाही, पूर येईल, बदली होईल, घरात दुसरं कुणी आजारी पडेल. माझ्या रुग्णांच्या फाईलमध्ये आता मी एक अर्धं पान वेगळं लिहून देते: औषधांची मूळ नावं आणि डोस, कुठलं अचानक बंद करायचं नाही, बोटॉक्सचं सत्र चुकलं तर मधल्या काळात कोणती गोळी आणि महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस, आणि कशासाठी फोन करायचा. तुमच्या डॉक्टरांकडून असं पान मागून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत गावच्या डॉक्टरांना द्या. रोजच्या औषधाचा एक महिन्याचा साठा जास्त ठेवा. आणि सहा महिन्यांतून एकदा तरी प्रत्यक्ष दाखवून या, कारण मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत, त्याच डॉक्टरांनी मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेलं असलं की त्याच आजारासाठी फोनवरून औषध पुढे चालू ठेवणं सोपं जातं.

जाताना सध्या घेता त्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत घ्या, आयुर्वेदिक आणि झोपेच्यासुद्धा. गोळी बंद करायचा दिवस डॉक्टरांबरोबर ठरवाल तेव्हा परीक्षा आणि पेपर तपासणीचा काळ टाळा, आणि शाळेत निदान एक आठवड्याची रजा आधीच टाका.